जीन्सच्या खिशातलं पाकीट

सोन्या,

समोर बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि तू हेडफोन घालतोस, म्हणून लिहितेय. मंगळवारी मशीनमधून तुझी जीन्स काढली तर मागच्या खिशात एक छोटं पाकीट, आतल्या पातळ कागदांचा भिजून लगदा झालेला. आधी वाटलं कसलीतरी पावती असेल, मग पाकिटावरचं वाचलं, गांजा गुंडाळून ओढायला वापरतात ते कागद होते, आणि हातपायच गार पडले. पुढचं तुला माहितीये, तू चपला काढायच्या आत मी सुरू झाले, गांजा ओढलास तर वेडा होशील, आयुष्याची वाट लागेल वगैरे. तू एवढंच म्हणालास, "आई, झाड आहे ते, नॅचरल असतं, तुला काय माहितीये त्यातलं?" आणि खरं सांगू का, मला काहीच माहीत नव्हतं.

म्हणून तीन रात्री वाचत बसले. पहिले तुझ्या बाजूचं सांगते म्हणजे तू पुढचं वाचशील. हेरॉइनसारखा श्वास बंद पडून माणूस जातो तसं गांज्यात सहसा होत नाही. एक जॉइंट, म्हणजे गांजा भरलेली सिगारेट, ओढला म्हणून कोणी लगेच व्यसनी होत नाही. काही देशांत कायद्याने परवानगी आहे हेही खरंय. पण कॅनडाने 2018 मध्ये परवानगी दिली ती मोठ्यांना, तिथल्या क्युबेक प्रांताने तर किमान वय 18 वरून 21 केलं नंतर. म्हणजे ज्यांनी विकायला परवानगी दिली तेसुद्धा तुझ्या वयाच्या पोराला देत नाहीत. ते काय सगळे माझ्यासारखे घाबरट असतील का?

कारण मेंदू. पंचविशीपर्यंत तो बनतच असतो आणि थांब म्हणणारा, पुढचा विचार करणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. आणि एक गंमत कळली, आपला मेंदू स्वतःच गांज्यासारखं एक रसायन बनवतो, 1992 मध्ये ते सापडलं तेव्हा त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद' शब्दावरून! ते लागेल तिथे लागेल तेवढंच तयार होतं आणि लगेच विरघळून जातं. गांज्यातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, आनंदामाइडच्याच कुलपांत चावीसारखं जाऊन बसतं, पण सगळीकडे एकदम आणि तासन् तास. झोप, भूक, आठवण, मूड हे सगळं सांभाळणारी यंत्रणा आहे ती आणि तुझी अजून जुळतेय. म्हणूनच असेल, एकूण ओढणाऱ्यांत साधारण दहातला एक अडकतो, पण टीनएजमध्ये सुरू केलं तर सहातला एक. तुझा ग्रुप किती जणांचा आहे ते तूच मोज.

नॅचरलचं म्हणशील तर 1995 च्या सुमारास अमेरिकेत पकडलेल्या मालात टीएचसी 4 टक्क्यांच्या आसपास असायचं, आता 15 च्या घरात. आणि व्हेपमध्ये, म्हणजे त्या बॅटरीवरच्या सिगारेटमध्ये, जो अर्क असतो तो तर 60 ते 90 टक्के, त्यात झाड कुठे राहिलं? खायच्या प्रकारांचं अजून वेगळं, चढायला अर्धा ते दोन तास लागतात, पोरांना वाटतं काहीच होत नाहीये म्हणून आणखी खातात आणि मग दोन्ही एकदम चढतं, छाती धडधडते, मरतोय असं वाटतं. असं कधी झालं, तुला किंवा मित्राला, तर मला फोन कर. रात्री तीनला कर. मी येईन आणि गाडीत एक शब्द बोलणार नाही. (घरी आल्यावरचं प्रॉमिस करत नाही, पण त्या रात्री तरी नाही.) आणि ज्याने ओढलंय त्याच्या बाईकवर मागे बसायचं नाही, ह्यावर चर्चा नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. मंगळवारी मी 'वेडा होशील' म्हणाले ना, ते तोंडातून असंच नाही आलं.

मामा घेतो त्या गोळ्या बीपीच्या नाहीयेत. आम्ही तुला खोटं सांगितलं, लहान होतास म्हणून, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. मामा 19 वर्षांचा होता, हॉस्टेलला. मी भेटायला गेले तर त्याने स्विचबोर्डच्या सगळ्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली, एकेक तुकडा नीट कापून. मला खुणेने गप्प बस म्हणाला, कारण त्यातून ऐकतात. मी हसले. मला वाटलं मस्करी करतोय, अजून ते हसू आठवलं की कसंतरी होतं. दोन वर्षं रोज ओढत होता, आम्हाला पत्ता नव्हता.

गांज्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. कदाचित तसंही झालं असतं, कदाचित उशिरा, कदाचित नाहीच. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या 45 हजारांवर पोरांचा अभ्यास झाला होता, 1987 मध्ये छापून आला, त्यात भरतीआधी 50 पेक्षा जास्त वेळा ओढलेल्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मानसिक आजार, होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. सहापट म्हणजे सगळ्यांना नाही, बहुतेकांना काही झालं नाही, हे मी लपवत नाही. पण ज्याच्या घरात आधीच असा आजार आहे त्याचा धोका मुळातच जास्त असतो आणि तुझ्या घरात आहे. तुझ्या मित्राला पचेल ते तुला पचेलच असं नाही आणि आधी कळायला कुठली टेस्ट नाही. मला हे तुला दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पाकीट वाळवून तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, फेकलं नाही. तुझं आहे का मित्राचं तेही विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

आणि हे लिहायच्या आधी मामाला विचारलं, त्याची गोष्ट आहे ना शेवटी. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांग त्याला सगळं. काही विचारायचं असेल तर मला फोन कर म्हणावं, फक्त सकाळी दहाच्या आधी नको, गोळ्यांनी डोळे उघडत नाहीत."

तुझी,
आई