घारापुरी बेटासाठी पाणी-निरीक्षण संच : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात नेरुळच्या आमच्या सोसायटीतील तळटाकीचा फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता गोळा) अडकला, टाकी रिकामी झाली तरी पंप रात्रभर चालूच राहिला आणि पहाटे जळालेल्या वाइंडिंगचा वास जिन्यापर्यंत आला. शेजारच्या सेक्टरमधून मेकॅनिक अर्ध्या तासात आला व दुपारपर्यंत नळाला पाणी आले. हाच बिघाड चहूबाजूंनी समुद्र असलेल्या गावात झाला, तर मेकॅनिकला आधी होडी मिळावी लागते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की होडीही मिळत नाही.

आपल्याला नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी घरबसल्या मिळते. खाडीच्या मुखाशी दिसणाऱ्या, उरण तालुक्यातील घारापुरीच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची वीजवाहिनी टाकून तेथे वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. पाण्याची मुख्य भिस्त मात्र आजही पावसावर आहे. लेण्यांच्या परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली की ही चिंता किती जुनी आहे ते कळते. साठा मर्यादित असला की प्रत्येक गळतीचा हिशेब द्यावा लागतो. तासाला एक हजार लिटर गळणारा एक सांधा दिवसाला २४,००० लिटर पाणी घालवतो, आणि जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने ते चारशेहून अधिक माणसांचे दिवसाचे पाणी होते. अशी गळती दिवसा वापरात लपते. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, सगळे नळ बंद असताना मीटर फिरत राहिला तरच ती पकडता येते.

बेलापूर-नेरुळ परिसरातील निवृत्त अभियंते व तंत्रज्ञ यांच्या आमच्या मंडळाने यासाठी दूरनिरीक्षण व नियंत्रणाचा एक संच तयार करण्याचे ठरवले आहे. टाकीतील पातळी, मुख्य वाहिनीतील प्रवाह आणि पंपाचा विद्युतभार यांची नोंद घेऊन ती परवान्याची गरज नसलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवरून पंपघरापर्यंत पाठवायची, मध्ये डोंगर येत असल्यास माथ्यावर एक पुनर्प्रक्षेपक (आलेला संकेत पुढे पाठवणारे यंत्र) बसवायचा, अशी ही रचना आहे. पातळीमापकाचा संकेत आम्ही ४ ते २० मिलिअँपिअरचा ठेवला आहे. रिकाम्या टाकीला ४ दिसतात, त्यामुळे काट्याने शून्य दाखवले की टाकी नव्हे, तार तुटली आहे हे पंपचालकाला तत्काळ समजते.

संपूर्ण नियंत्रण इंटरनेटवर सोपवणारी रचना आम्ही पूर्ण विचारान्ती नाकारली. संपर्क तुटला तरी कोरडा पंप जागच्या जागी बंद झाला पाहिजे, नोंदी आतच साठून नंतर पुढे गेल्या पाहिजेत आणि हाताने चालवायचा स्विच केव्हाही वापरता आला पाहिजे. दुरून बंद होणारा व्हॉल्व्हही सावकाशच मिटला पाहिजे, अन्यथा पाण्याच्या धक्क्याने जुनी वाहिनी फुटते. खाऱ्या हवेत साधे पत्र्याचे पॅनेल लवकर गंजते, म्हणून पेटी पाणीबंद आणि तिचे स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे हवेत.

हा संच आधी बेलापूरमधील एका गच्चीवर पूर्ण पावसाळाभर चालवून पाहिला जाईल. तो टिकला तरच तो घारापुरीच्या ग्रामपंचायतीपुढे ठेवू, आणि त्यांची लेखी संमती मिळेपर्यंत बेटावर एक खिळाही ठोकला जाणार नाही.

यासाठी निधी हवा आहेच, परंतु त्याहून अधिक गरज वस्तूंची व माणसांची आहे. सुस्थितीतील विद्युतचुंबकीय प्रवाहमापक, सर्ज अरेस्टर (विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून उपकरणे वाचवणारे साधन), बॅटऱ्या आणि प्रत्येक भागाचा एक जादा नग कोणी देऊ शकत असेल तर जरूर द्यावा. तुर्भे-महापे पट्ट्यातील कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचे (मापन व नियंत्रण उपकरणांचे) काम केलेल्यांनी आठवड्याचा एक दिवस द्यावा; पंपचालकाला मल्टीमीटर धरायला आणि सुटा भाग स्वतः बदलायला शिकवणारी माणसे आम्हाला विशेष हवी आहेत. मराठीत, चित्रांसह दुरुस्ती-पुस्तिका लिहिण्यासाठीही मदत लागेल.

देणगी धनादेशानेच स्वीकारली जाईल व पावती त्याच दिवशी मिळेल. खरेदीची दरपत्रके मंडळाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येतील. वस्तू देणाऱ्यांनी सोबत तिचे वय आणि तिच्यात पूर्वी झालेला बिघाड लिहून द्यावा, म्हणजे चाचणीची सुरुवात तेथूनच करता येईल.