साकवासाठी पुन्हा एकदा : दुरुस्तीनिधीचे आवाहन

सर्व वाडीकर ग्रामस्थ, माहेरवाशिणी, तसेच मुंबई, पुणे व इतरत्र असलेले चाकरमानी बंधू-भगिनी, यांस सप्रेम नमस्कार.

विषय आपणा सर्वांना ठाऊक आहे. पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा आपला छोटा पूल. गणपतीत आलात तेव्हा पाहिलाच असेल. (काही मंडळींनी त्यावर उभे राहून रील काढली, ती मुंबईत खूप बघितली गेली असे कळले. वर्गणीच्या निरोपाला मात्र उत्तर द्यायला फार थोड्यांना सवड झाली. असो.)

शाळेकडच्या खांबाखालची माती पाण्याने खरवडून नेली आहे आणि पायाचे दगड उघडे पडले आहेत. २२ जुलै २०२१ ला, खेड आणि चिपळूणच्या बाजारपेठा पाण्याखाली होत्या त्या दिवशी, वरून वाहत आलेले ओंडके कठड्यात अडकले, मागे पाणी तुंबले आणि कठड्यासकट एक अंग वाकले. वाकलेले अंग सगळ्यांना दिसते, त्याची चर्चाही होते. धोका मात्र खाली आहे आणि तो दर पावसाळ्यात थोडा थोडा खोल जातो. त्यात दगडांच्या सांध्यातला पिंपळ. वरून छाटतो, मुळे आत वाढतातच.

हा साकव कोणी उभा केला हे नव्या पिढीला माहीत असावे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. १९८२ चा गिरणी संप लांबला आणि लालबाग-परळच्या गावकीच्या (गावच्या मंडळींच्या सामाईक) खोल्यांतून निम्मी वाडी घरी परत आली. खिशात पैसा नव्हता, हात मात्र मोकळे होते. पावसात एका बाळंतिणीला डोलीतून नेताना पऱ्याने वाट अडवली आणि त्या आठवड्यातच देवळात गावकी बसली. ज्यांच्याकडे पगार उरला नव्हता त्यांनी अंगमेहनत लिहून दिली. मुंबईत राहिलेल्यांनी भंगारातून जुने रेल्वे रूळ मिळवले. ट्रक फाट्यापर्यंतच यायचा, तिथून पुढे ते रूळ माणसांनी खांद्यावर आणले. वरच्या आळीतल्या मिस्त्रीबाबांनी काळ्या दगडाचे खांब रचले आणि मजुरी घेतली नाही. जेवायला मात्र रोज एका घरी जायचे आणि कालवण कुठले चांगले होते ते दुसऱ्या घरी सांगायचे! वाळू वाहिली ती बायकांनी, घमेल्याने, भाताची झोडणी आटोपून. गुरुजींनी हिशेब ठेवला. ती वही अजून खजिनदारांकडे आहे, सव्वा रुपया देणाऱ्याचेही नाव तिच्यात आहे. सुरतेला दिलेल्या एका माहेरवाशिणीने कानातली फुले मोडून पैसे पाठवले होते, तीही नोंद आहे. पुढे फळ्या कुजल्या तेव्हा मुंबईच्या मंडळाने परळला दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याची बारी (सवाल-जवाबाच्या गाण्यांचा सामना) लावली आणि तिकिटांच्या पैशातून लोखंडी पत्रे बसवले. त्या बारीला जे शाहीर विनामूल्य उभे राहिले, त्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही. शिमग्याची पालखी याच साकवावरून खालच्या वाडीत जाते. गेली दोन वर्षे खांदेकऱ्यांना एकेक करून सोडावे लागते. एवढे सांगितले तरी पुरे.

आता नेहमीचा प्रश्न : “हे सरकारने करायचे, आपण का?” बरोबर आहे. ग्रामपंचायत अधिनियमातल्या ग्रामसूचीत रस्ते व पूल बांधणे आणि दुरुस्त ठेवणे हे काम लिहिलेलेच आहे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे. आपला साकव यात कुठे बसतो? अलीकडे ग्रामीण मार्ग संपतो, पलीकडे पाणंद सुरू होते आणि मधला साकव कुणाच्याच नोंदवहीत नाही, कारण तो आपण श्रमदानाने बांधला. एका कार्यालयात आम्हाला तोंडावर ऐकवण्यात आले, “बांधला तुम्ही, तर दुरुस्तही तुम्हीच करा.” ज्यांनी रूळ वाहिले त्यांच्या मुलांनी हे ऐकून घ्यायचे!

तेव्हा मंडळाची भूमिका स्पष्ट लिहितो. वर्गणी काढतो म्हणून जबाबदारी आम्ही पत्करली असे कोणी समजू नये. हे काम येता पावसाळा निभावण्यापुरते आहे. साकवाची नोंद, अभियंत्याकडून तपासणी आणि जिल्हा नियोजनच्या निधीतून नवा साकव, या तीन मागण्यांचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. गेल्या वेळी गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. वर्गणी देऊ शकत नसाल तरी चालेल, सभेला या.

कशेडी घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर होते. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चार जीव गेले. धोक्याचा फलक तिथे होता, नव्या पुलाला निधीही मंजूर होता. आपल्या साकवावर फलकसुद्धा नाही. तो आम्हीच रंगवून लावत आहोत, रंग देणाऱ्याचे आभार.

कामाचा तपशील : खांबाभोवती काँक्रीट, वरच्या अंगाला दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या, पिंपळ मुळासकट काढणे, कठडा नवा (ओंडके अडकणार नाहीत असा), रुळांना रेड ऑक्साइड. अंदाजे खर्च साडेतीन लाख. स्थानिक घरटी २,००० रुपये, चाकरमानी ५,०००, जास्त दिल्यास आनंदच. सिमेंट, सळई, जेवण या रूपानेही चालेल. श्रमदान शिमग्यापर्यंत दर रविवारी सकाळी ७ वाजता, पहार-फावडे असल्यास आणावे. काम मृगाआधी संपलेच पाहिजे. खाते क्रमांक मंडळाच्या गटावर टाकला आहे, रोख रक्कम फक्त खजिनदारांकडे, पावती घेतल्याशिवाय कोणालाही देऊ नये. हिशेब देवळाच्या फळ्यावर लागेल. अवजड वाहन व बैलगाडी साकवावर नेऊ नये, मोटारसायकल उतरून ढकलावी, पाणी कठड्याला लागले की शाळेच्या मुलांना अलीकडेच थांबवावे.

आपला नम्र,
सचिव, ग्रामस्थ मंडळ (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. देवळाच्या रंगकामाच्या वेळी मंडळाची घमेली, दोन पहारी आणि लांब शिडी ज्यांच्याकडे राहिली आहे, त्यांनी ती पहिल्या रविवारच्या आत आणून द्यावी. नावे आम्हाला माहीत आहेत.