काठावरून

लाडक्या लेकीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "खांदा गेला तो गेला, आता काय, काठावर उभं राहून शिट्टी फुंकायची." मी गप्प बसले. फोनवर मला चटकन सुचत नाही, तुला ठाऊकच आहे.

तुझ्या भिंतीवर अजून तो जाड मिशांचा रात्को रूदिच आहे, तुमच्या वॉटर पोलोचा प्रशिक्षक. आज झाडताना त्याच्यापुढे जरा वेळ उभी राहिले. तूच मला त्याचं सगळं सांगितलं होतंस, आता तुलाच सांगायची पाळी आली. खेळाडू म्हणून 1980 ला मॉस्को ऑलिंपिकमध्ये त्याला युगोस्लाव्हियाकडून रौप्य मिळालं, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. सुवर्ण सोव्हिएत संघाने नेलं. चारच वर्षांनी लॉस एंजेलिसला हा युगोस्लाव्हियाचा प्रशिक्षक! अमेरिकेशी सामना 5-5 असा बरोबरीत सुटला. अमेरिका एकही सामना हरली नव्हती, तरी गोलफरकावर सुवर्ण युगोस्लाव्हियाला गेलं. शेवटच्या दिवशी आधीच्या सामन्यांतले गोल कामी आले. पाण्यातल्या खेळाडूला समोरचा एक गोल दिसतो, हा हिशेब मात्र कुणीतरी कोरडं राहूनच ठेवायचा असतो.

1988 ला सोलमध्ये पुन्हा सुवर्ण. मग देशच फुटला. 1992 ला युगोस्लाव्हियाच्या संघाला बार्सिलोनात येऊ दिलं नाही, आणि त्याच बार्सिलोनात रूदिच इटलीच्या बाजूला बसला होता. यजमान स्पेनला, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, जादा वेळ लांबत लांबत गेल्यावर 9-8 असं हरवलं. वीस वर्षांनी लंडनमध्ये तो क्रोएशियाचा, आणि अंतिम सामन्यात समोर इटली! तोही जिंकला, 8-6. म्हणजे पाण्यात असताना एक रौप्य, काठावरून चार सुवर्णं.

सगळंच काही गोड नाही हं. अमेरिकेला आणि ब्राझीलला तो ऑलिंपिक पदक मिळवून देऊ शकला नाही. सिडनीत पंचांवर जाहीर आरोप केले म्हणून वर्षभर बंदी भोगली. तुझा रागही मी पाहिलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मला पोहता येत नाही. पण अकरा वर्षं गॅलरीत बसून एक गोष्ट कळली: तुमचा खेळ पाण्याखाली चालतो. तळाला पाय टेकवायचा नाही, ताक घुसळणाऱ्या रवीसारखे पाय फिरत ठेवायचे, आणि वर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. तू घरी यायचीस तेव्हा हनुवटीखाली टोपीच्या नाडीचा लाल वळ असायचा आणि जिना चढताना मांड्या थरथरायच्या. तू म्हणायचीस, "काही नाही, दमले नाही." पण मला सामन्यातच समजलेलं असायचं. शेवटच्या डावात तुझे खांदे पाण्यात बोटभर खाली यायचे. हात वर असायचा, पास यायचा, पण चेंडू उचलायला अर्धा क्षण जास्त लागायचा. तुझ्या तेव्हाच्या प्रशिक्षकांना ते दिसत नव्हतं की दिसूनही ते तुला बाहेर बोलवत नव्हते, कुणास ठाऊक. खांद्याचं दुखणं तिथूनच सुरू झालं असं मला आजही वाटतं. पाय थकले की सगळा भार खांद्यावर येतो, हे तूच नंतर मला समजावलंस.

शनिवारी पहिल्यांदा त्या बारा पोरांसमोर उभी राहशील. पाण्यात उतरून करून दाखवायचा मोह होईल. पहिला तासभर तरी उतरू नकोस, नुसती बघ.

शिट्टी तुझ्या कपाटातल्या खालच्या खणात सापडली. दोरी कुजली होती, नवी घातली आहे. सोबत पाठवते.

शनिवारी रात्री फोन कर. बारापैकी किती जणांचे खांदे खाली आले होते, तेवढं सांग.

तुझी,
आई