तारीख नाही म्हणून दगड यादीतून उडवू नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी अलिबाग तालुक्यातला, ज्यू नाही, पण आमच्याकडे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, परके असे कधी नव्हतेच. आजीच्या तोंडी तर कायम शनवार तेलीच, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, आडनावं सगळी आपल्या गावांची. 1948 नंतर यातले बहुतेक जण हळूहळू इस्रायलला गेले, घरं विकली, कबरीवरचे दगड तेवढे इथे राहिले.

आता त्यांची नातवंडं-पतवंडं येतात. मागच्या डिसेंबरात एक बाई आल्या होत्या, साठीच्या असतील, मराठी तोडकंमोडकं पण गोड, म्हणाल्या पणजीला शोधतेय. त्यांच्या जुन्या दफनभूमीत दोन तास झुडपं बाजूला करत फिरलो तेव्हा एक काळा दगड सापडला, वरच्या ओळी हिब्रूत, त्या झिजून गेलेल्या, खाली मराठीत नाव, त्याखाली "हिची कबर" आणि मग नुसतं 18. अठराच्या पुढचा टवका उडालेला, मागचा शब्दही गेलेला. आता हे 18 इसवी सनाचं असेल तर बाई 1899 पर्यंत कधीतरी वारल्या, आणि शके असेल तर 1878 ते 1978 मधलं काहीही. बाईंना आठवत होतं की त्यांच्या आईने पणजीला लहानपणी पाहिलं होतं, म्हणजे शकेच असणार असं आम्हाला वाटलं. पण वाटलं म्हणजे दगडावर लिहिलंय असं नाही ना.

घरी आल्यावर मी एका सरकारी कार्यालयाने केलेली त्या दफनभूमीची यादी काढून बघितली. त्यात हा दगड नाहीच! विचारलं तर कळलं की फॉर्ममधे मृत्यूदिनांक कंपल्सरी आहे, तो भरल्याशिवाय एन्ट्री सेव्हच होत नाही, म्हणून अर्धवट दगड सोडून दिले. काही सोडले नाहीत, ते त्याहून वाईट, कारण त्या यादीत आठ जण एकाच दिवशी वारलेत, 1 जानेवारी 1900. आमच्या वेळी शाळेत मास्तर अर्ध्या वर्गाचा वाढदिवस 1 जून करून टाकायचे, तोच प्रकार मेलेल्यांच्या बाबतीत. उद्या कोणीतरी ही तारीख वंशावळीत घालणार, तिथून ती दहा ठिकाणी कॉपी होणार आणि मग खरी तारीख सापडली तरी कोणी मानणार नाही.

साहेब, तारीख नसणं हा त्या लोकांचा निष्काळजीपणा नव्हता. नवगावला जाऊन बघा. त्यांची परंपरा सांगते की जहाज फुटून वाचलेली सात जोडपी तिथे किनाऱ्याला लागली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं, बायकांचा ढिगारा वेगळा, पुरुषांचा वेगळा. ना नाव ना साल, आणि तरी सगळी जमात आपली सुरुवात तिथून मोजते. तुमच्या फॉर्ममधे नवगाव बसतच नाही.

आणि या नोंदींची किंमत भावनेपुरती नाहीये. 1962 मधे इस्रायलच्या ज्यू धर्मपीठाने लग्नाआधी बेने इस्रायलांच्या मागच्या पिढ्या ज्यू होत्या का ते तपासायला सांगितलं, त्यावरून मोठं आंदोलन झालं आणि 1964 मधे तिथल्या सरकारला ते मिटवावं लागलं.

मला काय हवंय ते सांगतो. दगडावर जे दिसतंय ते जसंच्या तसं लिहा, तुटलेल्या जागी टिंबं द्या, तारीख नसेल तर रकाना रिकामा ठेवायची परवानगी द्या. अंदाज करायचाच असेल तर त्याला वेगळा रकाना, आणि शेजारी अंदाज कशावरून ते एका ओळीत. शेजारच्या कबरी कोणाच्या तेही लिहा, कारण नवऱ्याच्या दगडावर साल असलं तर बायकोच्या दगडाला काहीतरी आधार मिळतो (दगड पोरांनी वीस वर्षांनी बसवलेला असू शकतो, तेही लक्षात ठेवून). हिब्रू वाचणारा माणूस सोबत घ्या. त्यात आकडे अक्षरांनी लिहितात आणि हजाराचे पाच बहुतेकदा गाळतात, म्हणजे 660 निघालं तर ते ज्यू साल 5660, इसवी सन 1899-1900. फोटो सकाळी कोवळ्या उन्हात काढा, ऊन तिरपं पडलं की बुजलेलं अक्षरही उठतं. दुपारी काढलात तर फोनवर नुसता दगड दिसेल. आमच्याकडे एक जण आरसा घेऊन बाजूने उजेड पाडतो, त्याने संगमरवरी फरशीतली शिशाची अक्षरं पडून राहिलेल्या भोकांवरून अख्खं साल लावलं.

आणि हात जोडून सांगतो, यादी होईपर्यंत सुशोभीकरण नको. एका दफनभूमीत कोणीतरी पुण्याचं काम म्हणून अक्षरं ऑईलपेंटने गिरवली, 3 चा 8 झाला, आता खालचं काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही. तारेचा ब्रश आणि ॲसिड तर विचारूच नका.

2023 मधे कुणबी नोंदींसाठी सरकारने मोडी वाचणारे बसवून गावोगावची कोतवाल बुकं उघडली, म्हणजे करायचं ठरवलं की होतं. त्याच जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या या दगडांसमोर ठेवून वाचा ना, आणि ज्यू शब्द शोधत बसू नका, शनवार तेली म्हणूनही बघा.

पुराभिलेख आणि पुरातत्व दोन्ही संचालनालयं तुमच्याच खात्यात येतात. हा रकाना रिकामा ठेवायला जीआर लागतो की साधं परिपत्रक पुरतं तेवढं कळवा, मसुदा मी लिहून पाठवतो. बाई येत्या हिवाळ्यात परत येणार आहेत, त्यांना मी त्या दगडाचा यादीतला नंबर देईन म्हणून सांगून बसलोय.

आपला,
अलिबाग तालुक्यातला एक शेजारी