५० किलोमीटर कुठून मोजायचे, मंत्रिमहोदय?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

पासपोर्टसाठी कुणालाही ५० किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असं २०१७ साली तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत म्हैसूर आणि दाहोदच्या पोस्टात पासपोर्टची पहिली केंद्रं उघडली होती. कल्पना झकासच. पुढे धोरण आलं, दर लोकसभा मतदारसंघात एक केंद्र. माझं भांडण आहे ते या हिशेबाशी.

आमचा गुहागर तालुका रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला रायगडात. दापोलीचंही तेच. म्हणजे कचेरीची कामं एका दिशेला, खासदार दुसऱ्या दिशेला. तिकडे गडचिरोली-चिमूर मतदारसंघ तर सिरोंच्यापासून गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावापर्यंत पसरलाय. तिथे एक केंद्र कुठेही ठेवा, कुणाची तरी रात्र एसटी स्टँडवरच जाणार. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, हे मान्य. पण जायचं कसं?

नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्या धोपाव्याहून खाडीपलीकडचं दाभोळ हाकेच्या अंतरावर. जंगलजेट्टी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट, चुकली की चिपळूणवरून वळसा. वेबसाइट केंद्रांची यादी दाखवते, पण वाटेतली खाडी कुठे दाखवते? सकाळची वेळ मिळाली तर आदल्या दिवशीच निघून पाहुण्यांकडे मुक्काम करावा लागतो.

आणि इथून पासपोर्ट काढणारे हौसेला फिरायला निघालेले नसतात. कुणी जहाजावर जाणारा, कुणी आखातात. एका केंद्रात बघितलेलं सांगतो. ए काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे झाले. पुढे बी काउंटरवर मात्र मुलाच्या दाखल्यात वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं निघालं. साहेब नियमानेच बोलत होते. मुलाने कागद परत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले आणि बापाला फोन लावला, ‘परत यावं लागंल.’ शहरातल्या पोराला याच चुकीसाठी रिक्षाचं भाडं पडतं. याचे दोन दिवस गेले, शिवाय मजुरी बुडाली.

म्हणून मागणी साधी आहे. अंतर एसटीच्या रस्त्याने मोजा आणि मतदारसंघाऐवजी तालुका धरा. प्रत्येक तालुक्याला कायमचं केंद्र परवडणार नाही, हे कळतं. पण तुमच्या खात्याकडे फिरत्या केंद्राच्या गाड्या आहेत. त्या महिन्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या पोस्टासमोर उभ्या करा आणि तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधी लागू दे. निदान कागद तपासणारा एक माणूस तरी तालुक्याच्या पोस्टात बसवा, म्हणजे दाखल्यातली चूक फीचे १५०० रुपये भरण्याआधीच कळेल.

सुरुवात गुहागर आणि सिरोंच्यापासून केलीत तर उत्तम.

आपला,
गुहागर तालुक्यातला एक रहिवासी