नागासाकीहून आई-बाबांस

नागासाकी,
10 फेब्रुवारी 2026

प्रिय आई-बाबांस,
जय ख्रिस्त.

तुमचे पत्र आणि दादाने पाठवलेले फोटो मिळाले. फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि मग जे सांगायचे असते तेच राहून जाते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. आधी तुमच्या काळजीच्या प्रश्नांना उत्तरे देते, म्हणजे पुढचे तुम्ही निवांत वाचाल.

माझी प्रकृती चांगली आहे. फेब्रुवारीतली थंडी बोचरी असते, पण ज्येष्ठ सिस्टरांनी मला आतून घालायचे लोकरी कपडे दिले आहेत आणि मठात हीटरही आहे. डिसेंबरात तुम्ही बातम्यांत पाहिलेला भूकंप उत्तरेकडे आओमोरीच्या समुद्रात झाला होता. ते ठिकाण आमच्यापासून हजार किलोमीटरहूनही दूर आहे आणि इथे आम्हाला काहीही जाणवले नाही. बॉम्ब पडलेल्या गावातले पाणी प्यायचे कसे, असे काकूंनी विचारले होते. त्यांना सांगा की त्या घटनेला ऐंशी वर्षे उलटून गेली, आज या शहरात सुमारे चार लाख माणसे राहतात, आणि तेच पाणी आम्हीही पितो. जेवणाबद्दल आईने पुन्हा पुन्हा विचारू नये. भात इथे रोज असतो, मासे मुबलक मिळतात आणि माझे वजन मुळीच कमी झालेले नाही. फोटोत चेहरा बारीक दिसतो तो डोक्यावरच्या शिरोवस्त्रामुळे.

रोजची प्रार्थना, चर्चमधली मिस्सा उपासना, बालवाडीचे काम हे सगळे तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. निशिझाकाच्या टेकडीवरची मिस्सा मात्र सांगायलाच हवी. दरवर्षी या दिवसांत, श्रद्धेसाठी इथे क्रुसावर मारल्या गेलेल्या सव्वीस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तिथे उघड्यावर मिस्सा होते. टेकडी रेल्वे स्टेशनपासून अगदी जवळ आहे. समोर भिंतीवर सव्वीस जणांच्या कांस्याच्या आकृती एका ओळीत उभ्या आहेत, सर्वांचे पाय अधांतरी, जणू आताच जमीन सुटली आहे. त्या ओळीत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत. मी वसईची आहे हे कळल्यावर दोन अनोळखी आजींनी मला हाताला धरून पुढे नेले, आपल्या खुर्च्यांच्या रांगेत बसवले आणि शेजारच्या सगळ्यांना सांगितले की ही संतांच्या गावची सिस्टर आहे. बाबा, त्या क्षणी तुम्ही तिथे असायला हवे होते असे फार वाटले.

वसईच्या मातेचा हा पुत्र व्यापार सोडून मनिलात संत फ्रान्सिसच्या संघाचा (फ्रान्सिस्कन) बंधू झाला, दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रुसावर गेला, हे गासच्या चर्चमध्ये वाढलेल्या कोणालाही नव्याने सांगायला नको. परंतु त्यांच्यासोबत कोण होते याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय (जेझुइट) होते आणि उरलेले सतरा प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा मठवासी नसलेले साधे श्रद्धावंत होते. त्यांतले बहुतेक संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाशी, म्हणजे संसारात राहून त्यांच्या मार्गाने चालणाऱ्यांच्या संघाशी, जोडलेले होते. कोणी मठातला स्वयंपाकी, कोणी सुतार, कोणी तलवारींना धार लावणारा. दोघे तर मुळात पकडले गेलेच नव्हते. भर हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत आणलेल्या कैद्यांची सेवा करायला ते वाटेत सोबत आले, आणि त्यांनाही धरण्यात आले. थॉमस कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांसोबत त्यात होता. त्याने वाटेतून आईला पत्र लिहिले, धाकट्या भावांना सांभाळ असे त्यात कळवले. ते पत्र पुढे वडिलांच्या मृतदेहावरच्या कपड्यांत सापडले. संग्रहालयात त्याबद्दल वाचले तेव्हा मला घरी पत्र लिहायला किती उशीर होतो याची जाणीव झाली, आणि आईचीही फार आठवण आली.

इथे येण्याआधी माझी समजूत अशी होती की धर्मगुरू आणि धर्मभगिनी श्रद्धा टिकवतात आणि प्रापंचिक त्यांच्या मागून चालतात. नागासाकीने ती समजूत पार बदलली. 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर धर्मगुरूंना हाकलले गेले, लपून राहिलेले एकेक करून मारले गेले, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे इथे एकही धर्मगुरू उघडपणे नव्हता. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) प्रापंचिकांनीच दिला, सणावारांचे दिवस प्रापंचिकांनीच मोजले, मृत्यूच्या वेळची प्रार्थनाही त्यांनीच म्हटली. त्या कामांसाठी गावागावांत माणसे नेमलेली असत आणि अनेकदा हे काम बापाकडून मुलाकडे जाई. 17 मार्च 1865 रोजी इथल्याच उराकामी भागातले काही गावकरी नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये आले आणि फ्रेंच धर्मगुरू फादर पेतीजाँ यांना हळूच म्हणाले की आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे, आणि पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे असे त्यांनी विचारले. सध्या दुःखकाळाचा सतरावा दिवस चालू आहे हेही त्यांनी सांगितले. दुःखकाळ म्हणजे आपला उपवासकाळ, तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्या वर्षी तो बुधवार 1 मार्चला होता. सात पिढ्या धर्मगुरू नसताना त्यांची मोजणी एका दिवसानेही चुकली नव्हती. आई, तू रोज संध्याकाळी दिवा लावून आम्हा भावंडांना रोझरीला बसवायचीस, आम्ही पेंगत असलो तरी उठू द्यायची नाहीस. ती प्रार्थना किती मोठी गोष्ट होती हे मला इथे कळले.

आमच्या मठातल्या ज्येष्ठ सिस्टरांची संख्या वाढते आहे आणि नव्या मुली फार थोड्या येतात. साऱ्या जपानात कॅथलिकांची संख्या लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. तरीही रविवारच्या मिस्साला चर्च भरते, कारण व्हिएतनाम आणि फिलिपीन्सहून कामासाठी आलेली तरुण मुले-मुली आवर्जून येतात. त्यांना इथली कागदपत्रे वाचता येत नाहीत, डॉक्टरकडे काय सांगावे कळत नाही, म्हणून मिस्सानंतर आम्ही त्यांच्यासोबत बसतो. घर सोडून आलेल्या माणसाला काय हवे असते ते मला नीट समजते, त्यामुळे हे काम मी मनापासून मागून घेतले आहे.

आमच्याशी जोडलेल्या सेक्युलर फ्रान्सिस्कनांची, म्हणजे त्याच तृतीय संघातल्या आजच्या प्रापंचिकांची, सभा दर महिन्याला मठात होते. पोप पॉल सहावे यांनी 1978 मध्ये मान्यता दिलेली नियमावली ते थोडी थोडी वाचतात. शुभवर्तमानातून जीवनाकडे आणि जीवनातून पुन्हा शुभवर्तमानाकडे जावे, हे त्यातले सूत्र आहे आणि प्रत्येक जण त्या महिन्यात आपल्या घरात, दुकानात, शेजारात ते कसे जमले आणि कुठे जमले नाही ते सांगतो. येत्या 3 ऑक्टोबरला संत फ्रान्सिस यांच्या मृत्यूला 800 वर्षे पूर्ण होतील, त्याची तयारी आतापासून चालू आहे. ही तयारी सिस्टर करत नाहीत, प्रापंचिकच करतात. आजारी सभासदांची यादी करून प्रत्येकाच्या घरी महिन्यातून एकदा कोणी जायचे हे त्यांनी वाटून घेतले आहे. सोहळ्याऐवजी हे ठरले याचा मला फार आनंद आहे.

त्यांच्यातल्या एक वृद्ध सभासद गेल्या महिन्यात देवाघरी गेल्या. त्यांचे पूर्वज श्रद्धेपायी उराकामीहून दूर त्सुवानोला हद्दपार झालेल्यांपैकी होते. मिस्सानंतर डोक्यावरचे पांढरे शिरोवस्त्र काढून त्याच्या बरोबर चार घड्या त्या घालत आणि छोट्या कापडात बांधत, ते मी दर रविवारी पाहत असे. त्यांच्या अंत्यविधीच्या निमित्ताने इथली एक रीत मला शेवटी समजली. ती तुम्हाला नीट समजावून सांगते, कारण मलाही ती समजायला पुष्कळ वेळ लागला. अंत्यविधीला येणारा प्रत्येक जण पैशांचे पाकीट आणतो. ख्रिस्ती घरांत त्या पाकिटावर फुलांसाठीचे पैसे असे लिहिलेले असते. दारातच एक टेबल असते, तिथे आपले नाव आणि पत्ता वहीत लिहून पाकीट दोन्ही हातांनी द्यायचे. नोटा कोऱ्या चालत नाहीत. कोऱ्या नोटा म्हणजे मृत्यूची वाट पाहून तयारी करून ठेवली होती असा अर्थ होतो, म्हणून नोट नवी असेल तर तिला मुद्दाम घडी घालतात. लग्नात याच्या नेमके उलट, तिथे बँकेतून आणलेल्या कोऱ्या नोटाच द्यायच्या आणि रक्कम दोन भागांत वाटली जाईल अशी नसावी. इथपर्यंत आपल्या आहेराच्या वहीसारखेच वाटते. पण पुढे असे की दुःखातल्या त्या कुटुंबाने महिन्याभराने, तीस दिवसांच्या मिस्सानंतर, प्रत्येक पाकिटाच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवायची असते. ती वस्तू चहा, साबण किंवा टॉवेल अशी वापरून संपणारी असावी, म्हणजे दुःख घरात साठून राहत नाही. मला आधी हे फार कोरडे वाटायचे, मदत दिली की ती मदतच राहू द्यावी असे वाटायचे. आता असे वाटते की दुसऱ्यावर आपला भार राहू नये याची इथल्या माणसांना मनापासून काळजी असते. मठाच्या दारात कोणी भाजी ठेवून गेले तरी आमच्या ज्येष्ठ सिस्टर आठवडाभरात बिस्किटांचा पुडा घेऊन त्या घरी जातात.

गेल्या 9 ऑगस्टची गोष्ट फोनवर अर्धवट राहिली होती. 1945 मध्ये उराकामीच्या सुमारे 12,000 कॅथलिकांपैकी 8,500 जण बॉम्बमध्ये गेले. त्या सकाळी चर्चमध्ये पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि रांगेतले लोकही त्यात होते. एक घंटा ढिगाऱ्यातून वाचली, दुसरी फुटली. फुटलेल्या घंटेच्या जागी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली आणि गेल्या वर्षी त्याच तारखेला, 11 वाजून 2 मिनिटांनी, ऐंशी वर्षांनंतर दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्यांच्या देशाने बॉम्ब टाकला त्यांच्याकडून ही भेट स्वीकारताना इथल्या वृद्धांनी एकही कडू शब्द काढला नाही. क्षमेवर मी आजवर जी प्रवचने ऐकली त्यांपेक्षा हे माझ्या मनात अधिक खोल गेले आहे.

वसईत काय कामे नव्हती म्हणून हिला इतक्या दूर पाठवले, असे लोक तुम्हाला विचारतात हे मला माहीत आहे, आणि त्याचे उत्तर देताना तुम्हाला त्रास होतो हेही माहीत आहे. त्यांना एवढेच सांगा की गोन्सालो गार्सिया यांच्या गावातून जपानला कोणीतरी जाणे यात नवल काही नाही. मला कोणी ढकललेले नाही, मी मागितले होते.

आता घरच्या गोष्टी. वाडीच्या तुकड्याबद्दल दादाने लिहिले ते वाचले. तो विकायचा की ठेवायचा हा निर्णय बाबा, तुमचा आणि दादाचा. माझ्याकडून हक्कसोडपत्र हवे असेल तर निःसंकोच सांगा, आजीवन व्रते घेतानाच मी माझ्या वाट्याचा विचार सोडून दिला आहे. वकिलांनी मसुदा पाठवला की तो इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घेईन, प्रवासाची परवानगी मी मदर सुपीरियरकडे मागून ठेवली आहे. फक्त विहिरीकडची बाजू शक्य असेल तर राखावी असे मला वाटते, पण ते माझे बोलणे धरून बसू नका. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आणि दादाच्या लग्नाचा खर्च एकाच वेळी आला आहे आणि मठाकडून काही मदत होईल का असे मामांनी विचारले. त्यांना वाईट वाटू देऊ नका, पण ते शक्य नाही. इथे येणारा पैसा लोकांनी आजाऱ्यांसाठी आणि परक्या कामगारांसाठी दिलेला असतो, त्याला मी हात लावू शकत नाही आणि माझे स्वतःचे असे काही नाही. शेजारच्या घरांतल्या मुली परदेशातून पैसे पाठवतात आणि मी पाठवत नाही, हे तुम्ही कधी बोलून दाखवले नाहीत. मला मात्र ते रात्री आठवते.

दादाचे लग्न पुनरुत्थान सणानंतर (ईस्टरनंतर) एप्रिलच्या शेवटी ठरले याचा मनापासून आनंद झाला. मुलीचा फोटो मी सगळ्या सिस्टरांना दाखवला, सर्वांना ती आवडली. पण मला येता येणार नाही. घरी येण्याची माझी पाळी पुढच्या वर्षी आहे, आणि एका ज्येष्ठ सिस्टरांचे दुखणे वाढल्यामुळे ती आधी घेता येईल असे दिसत नाही. आई, रडू नकोस. आजीचे लाल लुगडे त्या दिवशी तूच नेस, ते माझ्यासाठी म्हणून पेटीत ठेवू नकोस. होणाऱ्या वहिनीला मी वेगळे पत्र लिहिते आहे, तिला सांग की नणंद नाही आली म्हणून मनात काही आणू नये. दादाला सांगा की चर्चमध्ये लग्नासाठी त्यांची नावे जाहीर वाचायला लागली की मला लगेच कळवावे आणि लग्नाच्या मिस्साची नक्की वेळ लिहून पाठवावी. आम्ही तुमच्या साडेतीन तास पुढे आहोत, त्याप्रमाणे इथल्या सिस्टर आणि सेक्युलर फ्रान्सिस्कन मंडळी मठाच्या चॅपेलमध्ये जमणार आहेत. आईच्या ऑपरेशनची तारीखही त्याच पत्रात असू द्या.

तुमची मुलगी,
सिस्टर