ज्याच्या नावे निरोप नव्हता

चि. बेबीस,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला. "बाबा, बदली झाली. आता वायरलेसचं नाही, माहितीचं काम आहे. वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका टेबलाशी बसतात. बाकी काही विचारू नका." मी विचारलं नाही. तुझ्या मायनं तेवढं विचारलं, की तिथं थंडी किती. तू तेही टाळलंस, तर ती रुसून चुलीपाशी जाऊन बसली. मी तिला म्हटलं, अगं, थंडी सांगितली की ठिकाण कळतं. ती म्हणाली, "बाप तसा, पोरगी तशी." खरंच आहे. बावीस वर्षं मी तिला 56 एपीओ या फौजी टपालाच्या आकड्यापलीकडे कुठलाच पत्ता दिला नाही.

मी जबलपूरला शिकलो, तू महूला. तू निघालीस तेव्हा आजी साऱ्या आळीत सांगत फिरली, बाबासाहेब जन्मले त्या गावी माझी नात चालली. तुझ्या कॉलेजचं लांबलचक नाव तिला कधी घेता आलं नाही. सुभेदार रामजी नोकरीला होते ती छावणी, एवढं तिला पुरे होतं. मी हवालदार म्हणून घरी आलो, तू कॅप्टन आहेस, पण फौजेचे निरोप पोचवणाऱ्या सिग्नल दलाचं ब्रीद दोघांचं एकच, 'तीव्र चौकस'. त्यातलं तीव्र मला जमलं. चौकस कुठे कमी पडलो ते मागच्या भादव्यात कळलं. फोनवर ते तोंडातून निघत नाही, म्हणून कागद घेतला.

त्या दिवशी वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा निरोप रात्री अकराच्या सुमारास गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. मी वाचला. खाली चार-पाच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं आणि दिवा घालवून झोपलो. पहाटे पैनगंगा खालच्या वावरांत होती. नदीकाठचे आपले मोठे आबा डुकरं राखायला जागलीवर होते. मचाणावर होते म्हणून वाचले. त्यांच्या दोन बकऱ्या गेल्या, मोटारपंप गेला, काढणीला आलेलं सोयाबीन गाळाखाली गेलं. आबांकडे बटनाचा फोन आहे. ते ग्रुपमध्ये नव्हतेच. दुपारी मी गेलो तर चिखलात बसून पाईप धुवत होते. मला म्हणाले, "तुले तं मालूम होतं नं बापू?" एवढंच. रागही नव्हता आवाजात.

बेबी, मी सिग्नलवाला. तोफांच्या आवाजात तुटलेली लाईन शोधत रात्री बर्फातून चाललेला माणूस. आणि घरापासून अर्ध्या कोसावर बॅटरी घेऊन जायचं मला सुचलं नाही. निरोप आला, मी वाचला, काम झालं असं वाटलं. वायरलेसवर 'रॉजर' म्हणजे ऐकलं, आणि 'विल्को' म्हणजे ऐकलं आणि करतो. आम्ही रंगरूट असताना दोन्हीची गल्लत केली की उस्ताद पाठीवर पिठ्ठू देऊन मैदानाला चक्कर मारायला लावायचे. त्या रात्री आमच्या अख्ख्या ग्रुपने रॉजर म्हटलं. विल्को कोणीच म्हटलं नाही.

तेव्हापासून कारगिलची एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. मे 1999 मध्ये बटालिककडे हरवलेला याक शोधायला गेलेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला वर अनोळखी माणसं दिसली आणि त्याने लगेच फौजेला सांगितलं. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीचं कमी लोकांना माहीत असतं. युद्धानंतर काय चुकलं ते तपासायला के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली. तिच्या अहवालात असं आहे, की जून 1998 मध्येच गुप्तवार्ता विभागाने, म्हणजे आयबीने, सीमेपलीकडच्या हालचालींबद्दल एक टिपण वर पाठवलं होतं. ते पंतप्रधानांकडे गेलं, गृहमंत्र्यांकडे गेलं. पण ज्यांना ते सगळ्यात आधी हवं होतं ते तिघे, म्हणजे परदेशातली गुप्त माहिती काढणाऱ्या रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, यांच्या नावे ते नव्हतंच. ते वाचलं आणि मला आमचा मेसेज फॉर्म आठवला. वर 'टू', म्हणजे निरोप कोणाला, खाली 'इन्फो', म्हणजे माहितीसाठी आणखी कोणाला. आम्ही ऑपरेटर लोक ते रकाने भरणाऱ्या साहेबाकडे बघायचोही नाही, आम्हाला घाई मजकुराची. सगळा खेळ त्या दोन रकान्यांचा होता. आमचे आबाही कुठल्या रकान्यात नव्हते.

पुढे 2001 मध्ये सगळ्या खात्यांनी माहिती एकत्र आणावी म्हणून मल्टी एजन्सी सेंटर निघालं, 2002 मध्ये तिन्ही दलांसाठी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी आली. तरी 2008 मध्ये मुंबई झालीच, आणि त्या सेंटरला पुन्हा नव्याने बळ द्यावं लागलं. टेबल मांडून झालं, तरी माणसं आपापली कणगी झाकूनच बसतात असं मला वाटतं. कोणी मोठेपणासाठी झाकतो, कोणी भीतीने. आणि कधी झाकणं बरोबरही असतं. खबर देणाऱ्याचं नाव फुटलं तर तो पुन्हा तोंड उघडत नाही, कधी उघडायला उरतही नाही. तेव्हा सगळं सगळ्यांना सांग असं मी म्हणत नाही. नाव झाक. पण पाणी येतंय एवढं तरी त्याच्यापर्यंत जाऊ दे. कागद सही करून पुढे सरकवण्याआधी 'टू'च्या रकान्यावर बोट ठेव आणि मनात विचार, जागलीवर कोण आहे?

आबांना मी माझा जुना पंप दिला. त्यांनी घेतला, पण यंदा पोळ्याला आमच्याकडे जेवायला आले नाहीत. आता गावात आम्ही एक वही केली आहे. नदीकाठी कोण कोण झोपतं, कोणाकडे कुठला फोन आहे, निरोप सांगायला कोण जाणार. आबांच्या नावापुढे माझं नाव आहे. सरपंच हसले, फौजीचं खूळ म्हणाले. हसू देत.

इकडे तूर फुलावर आहे, पऱ्हाटीला बोंडं बरी लागली आहेत, कापसाच्या भावाचं विचारू नको. मायनं मुगवड्या केल्या आहेत, त्या वेगळ्या पार्सलने पाठवतो. रुसवा गेलेला नाही, पण तुझ्या मापाचं स्वेटर विणायला घेतलं आहे, म्हणजे थंडीचा अंदाज तिनं लावलाच.

पत्र मिळालं की फोन कर. नुसतं 'मिळालं' म्हणू नको. मुगवड्यांच्या आधी काय लिहिलं आहे ते मला वाचून दाखव.

तुझा,
बाबा